आटवलेली गोष्ट : 'उद्याचा जो' – मालिका आणि चित्रपट

१

लहानपणी आमच्या घरी गोष्टीचे माप रात्रींत सांगत. आजीला विचारले, "ही गोष्ट केवढी आहे?" तर ती म्हणायची, "तीन रात्रींची." पावसाने धरले, काळी नदीला पाणी चढले, की चुलीपाशी बसायला वेळच वेळ असे. गोष्ट कुठे थांबवायची ते आजीचे आजीला ठाऊक. राजपुत्र विहिरीत पडला की ती दिवा बारीक करायची. दुसऱ्या दिवशी गुरांमागे हिंडताना, भाताच्या खाचरात उभे असताना आम्ही मुले त्या राजपुत्राला विहिरीतून कसे काढायचे याच विचारात असू. आज वाटते, गोष्टीचा अर्धा भाग आजी सांगत होती आणि उरलेला अर्धा तो मधला दिवस सांगत होता.

ही आठवण निघाली ती घरातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलामुळे. त्याने एक जपानी चित्रपट पाहिला होता. हाताने काढलेल्या चित्रांचा, मुष्टियुद्धाचा. नाव 'आशिता नो जो', म्हणजे 'उद्याचा जो'. अडीच तासांचा. नंतर त्याला कळले की हा चित्रपट मुळात एका लांबलचक दूरदर्शन मालिकेतून कापून काढलेला आहे. मालिकेचे भाग ७९. त्याने मला विचारले, "सगळी गोष्ट अडीच तासांत आली, मग ते तेहतीस तास कशाला हवे होते?"

प्रश्न सरळ होता, पण मला लगेच उत्तर देता येईना. मी त्याच्याबरोबर बसून आधी चित्रपट पाहिला, मग काही महिने रोज एक भाग अशी मालिका पाहिली. आपल्या साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत जपानी मुष्टियोद्ध्याचे काय काम, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण लांब गोष्ट आटवून लहान केली की काय हाती राहते आणि काय जाते, हा प्रश्न जपानचा नाही. तो आपल्या जिल्ह्याचा फार जुना प्रश्न आहे, आणि आपल्या तालुक्यातल्या घरांना तर तो आज जवळून भिडलेला आहे.

२

आधी आपल्या जिल्ह्याचे सांगतो. १८४२ च्या सुमारास उत्तर कन्नडातली एक भागवत मंडळी आपले खेळ घेऊन सांगलीला गेली. ती होन्नावरजवळच्या कर्की गावची होती, असे अभ्यासक मानतात. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तो खेळ पाहिला आणि असेच काही मराठीत करावे, असे आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना सांगितले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीतास्वयंवर' झाले. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. मराठी नाटकाच्या जन्मकथेत उत्तर कन्नडाच्या किनाऱ्याचा असा वाटा आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत क्वचितच सांगितली जाते.

ज्या खेळातून ही प्रेरणा आली तो यक्षगानाचा खेळ रात्रभराचा होता. रात्री सुरू व्हायचा, पहाटे संपायचा. कथा सगळ्यांना पाठ. कर्ण मरणार हे पोराटोरांनाही ठाऊक. तरी माणसे घोंगडी घेऊन बसत, मधे डुलकी काढत, चेंडे वाजले की जागी होत. शेवट काय होणार हे जाणून घ्यायला कुणी आलेले नसे. शेवटापर्यंत कर्णाच्या सोबत जागायला आलेले असत.

पुढे काळ बदलला. १८५३ मध्ये भाव्यांचे खेळ मुंबईत तिकीट लावून झाले. तिकीट आले की वेळेचा हिशोब येतो. तरी संगीत नाटकांच्या भरात 'वन्स मोअर' घेत घेत प्रयोग पहाटेपर्यंत चालत. बोलपट आला आणि अडीच-तीन तासांची सवय लागली. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' आणले, तेव्हा नाटकही आटोपशीर झाले. आपल्या जिल्ह्यात यक्षगानाचेही तेच झाले. केरेमने शिवराम हेगडे यांनी १९३४ मध्ये इडगुंजी मेळा स्थापन केला. त्यांचे चिरंजीव शंभू हेगडे यांनी रात्रभराचे प्रसंग काही तासांत बसवून देशोदेशी नेले. जुन्या रसिकांनी नाके मुरडली. पण त्या आटोपशीर प्रयोगांमुळेच शहरातल्या माणसांनी यक्षगान पाहिले, हेही खरे.

तेव्हा आटवण्याला सरसकट नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. दूध आटवले की बासुंदी होते आणि ती गोडच लागते. फक्त बासुंदीचे पुन्हा दूध करता येत नाही, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

३

आता जोची हकिकत. १ जानेवारी १९६८ या तारखेच्या अंकापासून 'शोनेन मॅगझीन' या मुलांच्या साप्ताहिकात ही चित्रकथा सुरू झाली आणि मे १९७३ पर्यंत चालली. लेखक इक्की काजिवारा. या कथेसाठी त्यांनी आसाओ ताकामोरी हे नाव घेतले होते. चित्रकार तेत्सुया चिबा.

जो याबुकी हा अनाथ, भटका, उर्मट पोरगा तोक्योच्या एका गरीब वस्तीत येतो. ही वस्ती म्हणजे सान्या, रोजंदारीच्या मजुरांचा भाग. १९६४ चे ऑलिंपिक भरवण्यासाठी तोक्योत रस्ते, पूल, इमारती उभ्या राहिल्या त्या असल्या मजुरांच्या श्रमांवर. १९६६ मध्ये सरकारी पत्त्यांतून 'सान्या' हे नावच काढून टाकण्यात आले. वस्ती राहिली, नाव गेले. तिथल्या एका चौकाला मात्र अजून 'नामिदाबाशी' म्हणतात, म्हणजे 'अश्रूंचा पूल'. जुन्या काळी वधस्तंभाकडे नेल्या जाणाऱ्या कैद्याचा निरोप त्याची माणसे या पुलावर घेत. आज तिथे पूलही नाही आणि त्याखालचे पाणीही दिसत नाही. तिथे नाव राहिले, पूल गेला.

कथेतला दानपेई तांगे हा एका डोळ्याचा, दारूत बुडालेला जुना मुष्टियोद्धा याच पुलाखाली पत्र्याच्या खोपटात आपली तालीम काढतो. जोच्या हातांत त्याला काहीतरी दिसते. जो मारामाऱ्या करून कोठडीत जातो आणि पुढे सुधारगृहात. दानपेई त्याला पोस्टकार्डे पाठवतो. प्रत्येक कार्डावर मथळा 'उद्यासाठी', आणि खाली मुष्टियुद्धाचा एकेक धडा. पहिला धडा डाव्या हाताच्या साध्या, सरळ ठोशाचा. कोठडीत करायला दुसरे काही नाही म्हणून जो तो ठोसा हवेत मारत बसतो. सुधारगृहात त्याला तोरू रिकीइशी भेटतो. तो आधीच नावाजलेला व्यावसायिक मुष्टियोद्धा आहे. दोघांचे हाडवैर जमते, आणि हळूहळू ते वैर मैत्रीहून घट्ट होते.

इथे एक मजेची गोष्ट सांगतात. चिबांनी पहिल्यांदा रिकीइशीचे चित्र काढले तेव्हा तो जोपेक्षा बराच उंच आणि दांडगा काढला गेला. तो पुढे कथेचा प्रतिनायक होणार आहे, हे तेव्हा ठरलेले नव्हते. मुष्टियुद्धात वजनाचे गट असतात. जो ११८ पौंडांच्या आतल्या, म्हणजे सुमारे साडेत्रेपन्न किलोच्या गटातला. रिकीइशी त्याच्याहून कितीतरी वरच्या गटातला. दोघांची व्यावसायिक लढत व्हायची कशी? मग लेखकाने तोड काढली. रिकीइशी जोशी लढण्यासाठी आपले वजन उतरवतो. अन्न सोडतो, शेवटी पाणी सोडतो. लढत जिंकतो आणि जोशी हात मिळवायला पुढे होऊन तिथेच कोसळतो, मरतो. चित्रकाराच्या हातून पडलेल्या एका रेषेतून कथेतले सर्वांत मोठे मरण निघाले. आधी सगळे ठरवून बांधलेल्या कथेत असे होत नाही. आठवड्याला एक भाग लिहिणाऱ्याच्या हातूनच ते होते.

१९७० च्या आरंभी चित्रकथेत रिकीइशी मेला. २४ मार्च १९७० रोजी त्या साप्ताहिकाच्या प्रकाशकांच्या इमारतीत त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला. कवी आणि नाटककार शुजी तेरायामा यांनी तो योजला होता. सुमारे ७०० माणसे आली. कागदावरच्या माणसाला फुले वाहिली गेली. ३१ मार्चला लाल सेना गटाच्या तरुणांनी एक विमान पळवून उत्तर कोरियाला नेले आणि जाताना, आम्ही 'उद्याचा जो' आहोत, असे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, दूरदर्शनवर मालिका सुरू झाली. तिच्या शीर्षकगीताचे शब्दही तेरायामांचेच. अंत्यविधी, विमान आणि पहिला भाग, हे सगळे नऊ दिवसांत.

म्हणजे पाहा, मालिका पाहायला बसलेल्यांपैकी अनेकांना रिकीइशी मरणार हे पक्के ठाऊक होते. काहींनी तर त्याला फुले वाहिलेली होती. आणि मालिकेत मात्र जो अजून वस्तीत पहिले पाऊल टाकत होता. यक्षगानाला घोंगडी घेऊन बसणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा प्रकार नवा वाटला नसता.

४

मालिका 'मुशी प्रॉडक्शन'ने केली. ही संस्था ओसामु तेझुका यांनी १९६१ मध्ये काढलेली. दिग्दर्शक ओसामु देझाकी त्या वेळी २६ वर्षांचे होते. १ एप्रिल १९७० ते २९ सप्टेंबर १९७१, दर बुधवारी एक, एकही आठवडा न चुकवता ७९ भाग. जाहिराती सोडल्या तर एकेक भाग साधारण २५ मिनिटांचा.

पैसा आणि वेळ कमी, दर आठवड्याला हजारो चित्रे काढायची. म्हणून जिथे हालचाल टाळता येईल तिथे टाळायची. देझाकींनी या तंगीतून एक रीत काढली. मोक्याच्या क्षणी चित्र थांबते, हालचाल गोठते आणि डोळा त्या एका चित्रावर खिळून राहतो. पुढे तीच त्यांची ओळख ठरली. आठवड्याची घाई असलेल्या माणसाने थांबण्याची कला शोधावी, हे मला फार लक्षात राहिले.

मालिका पाहताना पहिले काही आठवडे मला कंटाळाही आला, हे कबूल करतो. वस्तीतली पोरे, त्यांत साची नावाची एक धीट मुलगी, त्यांची भांडणे. दानपेईचे पिणे. सुधारगृहातले तेच ते दिवस. मुष्टियुद्ध म्हणावे असे काही होतच नाही. पण पंधरा-वीस भाग झाले आणि एके दिवशी माझ्या ध्यानात आले की ती पोरे मला नावानिशी कळू लागली आहेत. जो लढायला उभा राहतो तेव्हा पाहायला आलेली ती पोरे केवळ 'गर्दी' राहिलेली नाहीत. त्यांच्यासाठी आपला जीव वरखाली होतो.

रिकीइशीचे वजन उतरवणे तर आठवड्या-आठवड्याने येते. एका भागात गाल बसलेले. पुढच्या भागात डोळे खोल गेलेले. मधे सात दिवस. १९७१ च्या त्या हिवाळ्यात जपानातली मुले सात दिवस शाळेत जाऊन, जेवून-खाऊन पुन्हा पडद्यापुढे बसली आणि त्यांना दिसले की आपण जेवत होतो तेव्हा हा माणूस उपाशीच होता. एका रात्री तहानेने वेडा झालेला रिकीइशी नळाकडे धावतो. सगळे नळ तारांनी बांधलेले. योको शिराकी ही त्याच्या तालमीच्या मालकाची नात. तिला त्याचे हाल बघवत नाहीत. ती कपभर कोमट पाणी आणून देते. तो तिचे मनापासून आभार मानतो आणि पाणी ओतून टाकतो. आमच्या घरातला मुलगा हा प्रसंग चित्रपटात पाहून गेला होता. मालिकेत तो पाहिल्यावर तो उठला, आत जाऊन पाण्याचा पेला भरला आणि तसाच हातात धरून बसला. मी काही बोललो नाही.

५

आता चित्रपट. तो ८ मार्च १९८० रोजी जपानात लागला. त्याआधी, ऑगस्ट १९७७ मध्ये, 'अंतराळ युद्धनौका यामातो' या २६ भागांच्या मालिकेचा कापून जोडलेला चित्रपट लागला आणि त्याने चित्रपटगृहे भरवली. मालिका परत पाहायची सोय तेव्हा जवळजवळ नव्हती. घरोघरी व्हिडिओ पोचलेला नव्हता. मालिका एकदा हवेत गेली की गेली. पुनःप्रक्षेपण होईल तेवढेच. म्हणून जुनी मालिका आटवून मोठ्या पडद्यावर आणण्यात व्यापार होता, तशी लोकांची खरी भूकही होती. जोची दुसरी मालिका त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तिच्याआधी लोकांना पहिली गोष्ट आठवून देणे हेही काम हा चित्रपट करत होता.

चित्रे मालिकेतलीच. जोचा आवाजही तोच, तेरुहिको आओई यांचा. रिकीइशी आणि योको यांचे आवाज मात्र नव्या कलावंतांचे घेतले. मालिकेतला सुमारे दोन-तृतीयांश भाग घेऊन तो अडीच तासांत बसवला, म्हणजे आठ-नऊ मिनिटांचे एक मिनिट केले.

हे काम हलक्या हाताचे नाही. चित्रपटाला एक सलग ओढ आहे, जी मालिकेला नाही. जो आणि रिकीइशी यांच्यामधली दोरी पहिल्यापासून ताणलेली राहते. मालिकेत जी आडवळणे होती ती गेली आणि दोन माणसांचे एक स्वच्छ शोकनाट्य उरले. मोठ्या पडद्यावर, अंधारात, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून रिकीइशीला मरताना पाहणे हा अनुभव घरातल्या छोट्या पडद्याचा नव्हेच. ज्याला जोची ओळख एका संध्याकाळीत करून घ्यायची आहे त्याने चित्रपट जरूर पाहावा. आमच्या घरातला मुलगाही चित्रपटाच्याच दाराने आत आला.

मग गेले काय? प्रसंग म्हणाल तर महत्त्वाचे सगळे आहेत. गेले ते प्रसंगांमधले दिवस. उपास आहे, पण उपासाचे आठवडे नाहीत. पोरे आहेत, पण ती आपल्याला नावानिशी कळण्याइतका वेळ नाही. हे नुकसान कुणाच्याही सहज ध्यानात येते. याहून मोठे एक नुकसान आहे. ते मला मालिका संपल्यावरच कळले.

चित्रपट रिकीइशीच्या मरणापाशी संपतो. शोकनाट्य म्हणून ते बरोबरच आहे. पण मालिकेत रिकीइशी मेल्यानंतरही जवळजवळ एक-तृतीयांश गोष्ट उरते. बुधवार येतच राहतात. जो घर सोडून भटकतो. परत येतो, लढायला उभा राहतो, पण समोरच्याच्या डोक्यावर ठोसा मारायची वेळ आली की त्याचा हात उठत नाही. त्याला रिकीइशी दिसतो. त्याच्या पोटात ढवळून येते. तो हरतो. गावोगावच्या जत्रावजा, हलक्या दर्जाच्या लढतींत दिवस काढतो. वस्तीतली माणसे त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करतात. शेवटी व्हेनेझुएलाचा कार्लोस रिव्हेरा हा हसरा, मोकळा मुष्टियोद्धा येतो, आणि त्याच्यासमोर उभे राहताना जोचा हात पुन्हा चालू लागतो. तिथे मालिका थांबते. चित्रकथा अजून लिहून व्हायची होती आणि मालिका तिला गाठू लागली होती, म्हणून ती तिथे थांबली. पण थांबली ती जागा पाहा. चित्रपट मरणाशी थांबला. मालिका मरणानंतर जगायला शिकलेल्या माणसाशी थांबली.

एकच गोष्ट, तीच चित्रे. पण दोघींचा अर्थ निराळा झाला. चित्रपट म्हणतो, एक मोठा माणूस मेला. मालिका म्हणते, एक मोठा माणूस मेला आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळ झाली, त्या सकाळीचे काय करायचे ते सांगते.

६

आपल्या घरातल्या पुस्तकाकडे वळून पाहिले तर हेच दिसते. साने गुरुजींनी 'श्यामची आई'चा बराचसा भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला. पुस्तकाला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. एकूण ४२. आश्रमात प्रार्थना होते, सवंगडी जमतात आणि श्याम एका रात्री एक गोष्ट सांगतो. 'पत्रावळ', 'मोरी गाय', 'अळणी भाजी', 'श्यामचे पोहणे'. यांत घडते काय? भाजीत मीठ पडत नाही, मुलगा पाण्याला भितो. पण असल्या तीस-पस्तीस साध्या रात्री झाल्यावर आई आजारी पडते, तेव्हा आजारी पडलेली ती आपल्या ओळखीची आई असते.

आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्याचा चित्रपट केला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक १९५४ मध्ये त्याला मिळाले. ज्या घरात पुस्तक पोचले नाही तिथे हा चित्रपट पोचला. अत्र्यांनी नुसते कापले नाही. पुस्तकात नसलेले, शाळेतल्या छडीचे गाणे त्यांनी घातले आणि ते मराठी मुलांच्या तोंडी कायमचे बसले. आटवणारा हात जाणता असेल तर तो काही देतोही.

पण पुस्तक कुठे संपते, आठवून पाहा. आई जाते त्या रात्रीवर ते संपत नाही. नंतर 'भस्ममय मूर्ती' येते आणि शेवटची बेचाळिसावी रात्र आहे 'आईचे स्मृतिश्राद्ध'. आई गेल्यानंतरच्या दिवसांचेही सांगितल्याशिवाय गुरुजींना उठता आले नाही. चित्रपट पाहून आलेल्या माणसाच्या मनात मात्र आईचे जाणेच घर करून राहते. गोष्ट दुसऱ्याला सांगतानाही तो तिथेच थांबतो.

७

वाचकहो, आता ज्यासाठी हे सारे मांडले ते.

आपल्या तालुक्याला पूर्वी सुपा तालुका म्हणत. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा गाव होते. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले. ते १९८७ मध्ये पूर्ण झाले. गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि तालुक्याचे नावही जोयडा झाले. अनेक कुटुंबे रामनगरला वसली, काही आणखी दूर गेली. सुपा हे नाव आज धरणाला आहे. अश्रूंच्या पुलासारखेच ते. नाव राहिले, जागा नाही.

आपल्यापैकी पुष्कळ घरांत ही हकिकत मुलांना कशी सांगितली जाते? "आम्ही मूळचे सुप्याचे. धरण झालं, गाव बुडालं." संपली गोष्ट. हा आपल्या इतिहासाचा आटवलेला चित्रपट आहे. तो खोटा नाही. त्यात शोकनाट्याची ओढही आहे. पण तो पाण्यापाशी थांबतो.

पाणी आले त्याच्या आधीचे साधे दिवस त्यात नाहीत. आठवड्याचा बाजार, शाळेची घंटा, संगमावरचे स्नान, कोणाच्या ओसरीवर कोण बसायचे, कोणत्या दोन घरांचे बोलणे बंद होते आणि कशावरून. आणि त्याहून जास्त जाते ते पाण्यानंतरचे. नव्या जागी पहिली रात्र कुठे काढली? देव कुठे मांडले? विहिरीला पाणी किती हातांवर लागले, की लागलेच नाही? जुने शेजारी नव्या वस्तीत शेजारी राहिले का? पहिली चतुर्थी कशी झाली, मखराला लाकूड कुठून आणले? जोचा हात जसा काही महिने उठत नव्हता, तसा आपल्या वडीलधाऱ्यांचा हात किती दिवस नांगराला लागला नाही, आणि मग कशाने लागला? कोण तो हसरा पाहुणा, कोणता तो पहिला हंगाम, ज्याने त्यांना पुन्हा उभे केले? हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

मालिकेच्या बाबतीत जपानी लोकांचे एक भाग्य होते. चित्रपट आला तरी मूळ ७९ भागांच्या फिती जपून ठेवलेल्या होत्या. म्हणून पन्नास वर्षांनी आमच्या घरातला मुलगा चित्रपटाकडून मालिकेकडे परत जाऊ शकला. 'श्यामची आई'चा चित्रपट पाहिलेला मुलगाही कपाटातून पुस्तक काढून बेचाळीस रात्री वाचू शकतो. दोन्हीकडे दूध शिल्लक आहे, म्हणून बासुंदीचे भय नाही. आपल्या घरच्या गोष्टीची मूळ फीत मात्र कुठेच ठेवलेली नाही. ती माणसांच्या तोंडी आहे. आटवलेली गोष्टच तेवढी मागे उरली, तर मुलांना परत जायला जागा नाही.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाला आता माझे उत्तर असे आहे. तेहतीस तास हवेत, कारण रिकीइशी कसा मेला ते सांगायला अडीच तास पुरतात. पण तो गेल्यावर जो कसा जगला ते सांगायला बुधवारांमागून बुधवार लागतात. आणि मुले पुढे जगतात ती दुसऱ्या गोष्टीच्या आधाराने.

हे उत्तर ऐकून तो मुलगा काही वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "पणजीचं लग्न सुप्यात झालं होतं ना? मग इथे आल्यावर पहिल्या दिवशी तिने स्वयंपाक कशावर केला?" मला ठाऊक नव्हते. घरात एका आत्याला ठाऊक आहे. ती रामनगरला असते. पाऊस लागायच्या आत जाऊन तिच्याकडे तीन-चार रात्री राहायचे आम्ही ठरवले आहे.

आपल्याही घरात अशी एखादी आत्या असेल. तिला "गाव कसं बुडालं?" असे विचारू नका, ते तिने शंभरदा सांगितलेले असते आणि दोन वाक्यांत ती ते संपवील. "दुसऱ्या दिवशी काय केलंत?" असे विचारा, आणि मग घाई करू नका.